गार होईपर्यंत

"मग बॅटरी भरायची कधी, चाचा? फायनल संपल्यावर?"

शार्दूलच्या एका हातात चार्जरची वायर होती, दुसऱ्यात गाडीतून नुकतीच काढलेली बॅटरी. रिमोटच्या गाड्यांची सेमीफायनल तो आत्ताच जिंकून आला होता. फायनलला पन्नास मिनिटं होती.

यासीनचाचा स्टुलावर बसून होते. गाडी खोलायला, जुळवायला शार्दूल त्यांच्याकडेच शिकला होता.

"गार होऊ दे आधी."

"वेळ कुठाय? दहा अँपिअरवर लावतो. अर्ध्या तासात फुल."

"मागची अशीच लावलीस. तापलेली."

मागची फुगली होती. आता ही एकच उरली होती.

"गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर गाडी बंद पडली, चाचा. तो सांगलीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, ढकलायला माणूस पाठवू का? आज मला..."

चाचांनी चार्जरच्या वायरची सुटी पिन काढून खिशात टाकली.

"धर तिला. गार झाली की सांग."

शार्दूलने बॅटरी दोन्ही मुठींत धरली. समोर सांगलीवालाही फायनलसाठी आपल्या गाडीची चाकं पुसत शीळ घालत होता. शार्दूलची नजर तिथून हलेना.

"झाली?"

"नाही."

...

"आता?"

"गरमच आहे! बारा मिनिटं झाली!"

"कोण गरम आहे?"

शार्दूलने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. गालाला लावली. पुन्हा हातात घेतली.

"...कळत नाही, चाचा. हातच तापलेत."

"मग तिला कशाला शेकतोस? ठेव खाली."

त्याने ती सावलीतल्या फरशीवर ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला. आठ मिनिटांनी ती फरशीइतकी गार लागली. चाचांनी पिन दिली. चार्जर पाचावर लावला.

"निम्मी शिल्लक आहे, तरी अर्ध्या तासात पाऊणच भरेल."

"हं."

"पाऊण बॅटरीवर गाडी शेवटपर्यंत जाईल?"

"जाईल. पहिल्याच वळणावर त्याला गाठायला धावलास, तर नाही."

शार्दूलने ओठ आवळले.

"नाही धावणार."

...

स्पीकरवर त्याचं नाव आलं. त्याने बॅटरी गाडीत बसवली, पट्टा आवळला, रिमोट उचलला. पलीकडून सांगलीवाला ओरडला, "काय रे, यंदा दोरी आणलीस का ओढायला?"

शार्दूलने तिकडे पाहिलं नाही.

"चाचा, गाडी लावतो ट्रॅकवर."

"गाडी नंतर. आधी हात दाखव."