गुळाचा खडा आणि हिरवा चुडा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या चार वाटा जिथे मिळतात तिथे एक गाव होतं. त्या गावाची एक गोड रीत होती. बातमी घेऊन येणाऱ्याला पारावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि हातावर गुळाचा खडा ठेवायचा. बातमी जितकी मोठी, तितका खडा मोठा. मग काय विचारता! त्या गावाला बातम्यांचा कधी तोटा पडला नाही.

गुळाचं मडकं गावातल्या सगळ्यांत वडील बाईच्या ताब्यात असे. सारे तिला आजी म्हणत. तिचे दात गेले होते, पण डोकं जागेवर होतं.

एका उन्हाळ्यात पारावर बातमी आली, की नदीपलीकडच्या गावात साथ आली आहे. दुपारपर्यंत तीच बातमी कितीतरी जणांनी आणली. कुणी म्हणालं, घरोघरी माणसं अंथरुणाला खिळलीत. कुणी म्हणालं, प्रेतं उचलायला माणूस उरला नाही. प्रत्येकाला गूळ मिळाला. घाबरलेल्या पंचांनी वेशीचा दरवाजा लावून घेतला.

आणि नेमकी तेव्हाच वेशीबाहेर एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत याच गावची लेक होती. नदीपलीकडे दिलेली, दिवस भरलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. आमच्याकडे कुणीच आजारी नाही, असं ती कळवळून सांगत होती. पण शंभर तोंडांपुढे एका तोंडाचं कोण ऐकतं? भर उन्हात तिला कळा सुरू झाल्या. आत दाराशी तिचा बाप उभा राहून रडत होता.

पंच म्हणाले, "इतकी माणसं सांगतात, ती काय खोटं बोलतात?"

"खोटं कुणीच बोलत नसेल," आजी म्हणाली. "पण पाहिलंय कुणी?"

तिने साऱ्यांना पारासमोर बोलावलं आणि सांगितलं, की ज्याने ज्याच्याकडून बातमी ऐकली, त्याने त्याच्या मागे उभं राहावं. लोक कुरकुरत उभे राहिले. बघतात तो काय, सगळ्यांची मिळून एकच रांग झाली! रांगेच्या तोंडाशी होता रिकामी टोपली घेऊन घरी परत निघालेला एक कासार. त्याच्यापुढे कुणीच नव्हतं.

कासार गोंधळला. "साथ? मी एवढंच म्हणालो, की पलीकडचं गाव ओस पडलंय, माणसं रानात राहायला गेलीत."

"का गेलीत?"

"देवाचा कौल झाला म्हणून. त्यांची जुनी रीत आहे, कौल झाला की घरं बंद करून सारं गाव थोडे दिवस वेशीबाहेर राहतं. मी ते सांगणारच होतो, पण ऐकणारा अर्ध्यातच गूळ घ्यायला पळाला."

"आजारी कुणी दिसलं?"

"आजी, तिथल्या बायकांनी माझी अख्खी टोपली रिकामी केली. साथीत कुणी हौसेनं बांगड्या भरतं का? बाहेरच्या त्या लेकीलाही हिरवा चुडा मीच भरलाय."

दाराला हात लावायला अजून कुणी धजेना. आजी मात्र काठी टेकत वेशीकडे गेली, तिने स्वतः अडसर काढला आणि गाडीत चढून लेकीचा हात हातात घेतला. मनगटभर हिरवा चुडा किणकिणला. धन्य ती म्हातारी! खरं काय ते ओळखणारे पुष्कळ असतात, पण त्यावर विसंबून पहिलं पाऊल टाकणारे थोडे.

दिवस मावळायच्या आत माहेरच्या घरात मुलगी जन्मली.

तेव्हापासून आजी गूळ देण्याआधी विचारू लागली, "हे तू पाहिलंस, की ऐकलंस?" गावात बातम्या कमी झाल्या आणि मडक्यात गूळ उरू लागला. त्या उरलेल्या गुळाचे लाडू मुलीच्या बारशाला साऱ्या गावाने खाल्ले, पंचांनीसुद्धा.

म्हणून, गोष्ट किती जणांनी सांगितली हे मोजू नये. पहिल्याने काय पाहिलं, ते विचारावं.