कुरवाने मोजलेला समुद्र

बेटाचं नाव आता नीट आठवत नाही. पण तिथे विजेचा पहिला दिवा लागायचा होता. त्यासाठी समुद्राखालून विजेची केबल टाकायची होती. बेटाने कुरव पक्ष्याला केबलच्या बाजारात पाठवलं. त्याने उडत अंतर मोजलं आणि तेवढीच केबल मागितली.

"कुरवदादा, तळाला डोंगर असतात हो," वाम मासा म्हणाला.

"मी रोज वरून बघतो की. सगळं सपाट."

चकरीवरून गरगर उलगडून केबलला चक्कर आली होती. "अगंबाई, आणखी एक घाट," म्हणत ती खिदळत चढली, उतरली आणि किनारा हाताशी आला असताना संपली.

"जोड हवा तर सात वर्षं थांबा," बाजारवाले म्हणाले. "अख्खं जग रांगेत आहे."

बेटाने सात वर्षं पणतीवर काढली. ओशाळलेला कुरव तोवर बुडी मारायला शिकला. रांगेत नंबर लागल्यावर, जोड मागण्याआधी त्याने स्वतः तळाशी जाऊन खात्री केली: डोंगर होते, एकूण अकरा.