अंबादासचा भोपळा

"ह्यात एक तरी दोष दाखवा, बाबा!"

अंबादासनं चारचौघांत असं विचारलं, तेव्हा हंसगिरी बाबा बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी संपवली.

मठातली मंडळी टेम्पोनं भोपळाकलेच्या मेळ्याला आली होती. वाळलेल्या भोपळ्यावर कोरीव काम करायची मठाची जुनी रीत, आणि त्यात अंबादासचा हात सगळ्यांत सफाईचा. हे मठात सर्वांना मान्य होतं, अंबादासला जरा जास्तच. आठ महिने खपून त्यानं एका भोपळ्यावर अख्खं जंगल उभं केलं होतं. पहिला नंबर मिळवायचा आणि नव्या शिष्यांना शिकवायचं काम बाबांकडून मागून घ्यायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

टेम्पोतून त्याची आई सुभद्राबाईही आली होती. भोपळा तिनंच शेताच्या बांधावर पिकवलेला. मांडवाच्या कडेला गाठोड्यावर बसून ती लेकाकडं कौतुकानं बघत होती.

शहरातलं एक जोडपं थांबलं. भोपळ्याचे फोटो काढून झाल्यावर बाईंनी सहज विचारलं, "ह्या आजी कोण?"

"मठाबरोबर आल्यात," अंबादास म्हणाला.

सुभद्राबाईनं पदर सारखा केला. "व्हय. बरोबर आलेय."

जोडपं पुढं गेलं. अंबादास आईकडं वळणार होता. पण परीक्षक मांडवात शिरले होते, आणि त्या घडीला त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाबा, काहीतरी बोला की..."

बाबा उठले. त्यांनी भोपळा हातात घेतला आणि फिरवला. मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग गेरूनं रंगवलेला होता. उपरण्याचं टोक पाण्यात बुडवून त्यांनी तो पुसला. खालून पांढुरका, खरबरीत चट्टा निघाला.

"मातीचा डाग आहे तो," अंबादास खालच्या आवाजात म्हणाला. "वेलीवर असताना भोपळा जिथं जमिनीला टेकतो, तिथं पडतो. सगळेच झाकतात, बाबा."

बाबांनी भोपळा तसाच ठेवला, चट्टा लोकांच्या बाजूला करून.

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले. अंबादासचा हात भोपळ्याकडे गेला... बाबांनी अडवलं नाही. पण त्यांची नजर बघून हात मधेच थांबला.

सुभद्राबाई लगबगीनं उठून आली.

"फिरवा की वो, बाबा. पोराचा नंबर जाईल."

बाबांनी आपली खुर्ची ओढली आणि तिला टेबलामागं, भोपळ्याशेजारी बसवलं. मग अंबादासकडे वळले.

"टेकला कुठं, ते झाकलंस. मग वाढला कुठं म्हणून सांगशील?"