ओल्या सुरईची घाई

मडकी बोलायची, त्या काळातली गोष्ट. फुटक्या रांजणाची एक खापरी होती. ती मडकी भाजायचा आवा झाकायची, आणि कच्च्या मडक्यांची ती मास्तरीणबाईच होती. एकदा ओलसर सुरई हटून बसली, "मावशी, मला आजच भाजून घेऊ दे! जत्रेच्या गाड्या सुटतील!"

खापरीनं तिला गाल लावला. "गार लागतेस गं. पोटात अजून पाणी आहे. आत फुटशील, वर शेजारणींनाही फोडशील!"

सुरई रुसून उन्हात बसली. खडखडीत वाळली, तेव्हा खापरी स्वतः तिच्यावर पांघरूण झाली. आवा उघडल्यावर कुंभारानं टिचकी मारली. टण्ण! सुरईला शेवटच्या गाडीत जागा मिळाली.

"मावशी, तू कधीच का येत नाहीस जत्रेला?"

खापरी हसली. "गिऱ्हाइकापुढे तुम्ही अशा खणखणीत वाजता, ती माझीच वरात असते की!"