खांबेट्यांचं इंजिन

शहराच्या जुन्या पेठेत खांबेटे नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे हातभर लांबीचं एक इंजिन होतं. ते नुसतं शोभेचं नव्हतं. बॉयलरमध्ये पाणी घालून खाली स्पिरिटचा दिवा पेटवला, की ते खऱ्या वाफेवर रुळांवरून धावे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात ते दिमाखात उभं असे. खांबेटे रोज सकाळी त्याचं पितळ घासून लखलखीत करत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाहायला लावत. इंजिनाचं कौतुक झाल्याशिवाय त्या घरात पाहुण्याला चहा मिळत नसे.

एकदा अंधशाळेच्या देवयानीबाई आल्या. म्हणाल्या, "काका, आमच्या स्नेहसंमेलनात हे चालवाल? मुलांनी आगगाडी ऐकलीय, पण इंजिन कसं असतं ते त्यांना कुणी हात लावून पाहू दिलेलं नाही." खांबेट्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

बाई गेल्यावर त्यांनी इंजिन बाहेर काढलं आणि चाक फिरवून पाहिलं. चाक हलेना. मागच्या खेपेला पाहुण्यांसमोर इंजिन चालवून झाल्यावर त्यांनी ते बाहेरून पुसलं होतं आणि तसंच कपाटात ठेवलं होतं. बॉयलर गरम असतानाच रिकामा करायचा, आतला ओलावा काढून तेल सोडायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण पाहुणे वाहवा करत होते, आणि पोटातलं पाणी कुणाला दिसतंय? त्या पाण्याने चाकं फिरवणारा आतला दट्ट्या गंजून घट्ट बसला होता.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मेव्हण्याने लगेच तोड काढली. "भाऊजी, खाली बॅटरीची मोटर बसवू. शिट्टी मोबाइलवर वाजवू. त्या मुलांना कुठे दिसणार आहे?"

"दिसत नाही म्हणून फसवायचं? लाज वाटते का काही!" खांबेटे कडाडले. पण स्वतःचंच बोलणं खांबेट्यांच्या जिव्हारी लागलं. दिसत नाही म्हणूनच तर त्यांनीही पाणी आत राहू दिलं होतं.

त्यांनी बाह्या सरसावल्या. नटबोल्ट सोडवले, गंजलेल्या भागात तेल मुरत ठेवलं. रोज थोडं तेल घालायचं आणि हाताने हळूच जोर लावून पाहायचा. मेव्हण्याने हातोडी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. ठोकून दट्ट्या मोडला असता तर सगळंच संपलं असतं. स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला तरी चाक जागचं हललं नाही.

खांबेटे थंड इंजिन घेऊनच शाळेत गेले. मुलांनी चाकं चाचपली, धुरांडं चाचपलं. तस्लीम नावाच्या मुलीने विचारलं, "हे चालत का नाही?"

"मी नीट ठेवलं नाही म्हणून," खांबेटे म्हणाले. इतक्या लोकांसमोर असं काही त्यांनी आयुष्यात कबूल केलं नव्हतं. मान खाली गेली.

"मग नीट करून आणा की," तस्लीम म्हणाली. "आम्ही कुठे पळून चाललोय?"

खांबेटे घरी आले आणि पुन्हा कामाला बसले. पावसाळा सरला, दिवाळी आली, तरी त्यांचे हात तेलातच. शेवटी एका सकाळी चाक जरासं सरकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी आतला भाग अन् भाग साफ केला, थंड पाण्याचा दाब देऊन बॉयलर कुठे गळत नाही ना, ते तपासलं, आणि मगच शाळेची वाट धरली.

पटांगणात गोल रूळ मांडले. मुलं हात पुढे करून कडेने बसली. इंजिन फुसफुसत निघालं आणि ज्याच्या त्याच्या तळहाताला ऊन वाफेचा फुत्कार लागत गेला. मोटरला हे कुठून जमलं असतं? मुलांनी आरडाओरडा करून शाळा डोक्यावर घेतली.

खेळ संपला. देवयानीबाई हार घेऊन आल्या. "काका, चला, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," खांबेटे म्हणाले. "इंजिन अजून गरम आहे. आधी ह्याचं पोट रिकामं करतो." आणि ते उकिडवे बसून बॉयलरचं झाकण सोडवू लागले.

तात्पर्य: वस्तू असो की वागणं, निगा राखायची ती न दिसणाऱ्या भागाची, आणि हयगय झालीच, तर झाकत बसू नये, कबूल करून चिकाटीने निस्तरावी.