घोड्याने टाकलेला चारा

बाळांनो, बर्फाच्या डोंगरांखाली, जिथे गाडीरस्ता संपून पायवाट लागते, तिथल्या एका गावात सपाटीवरून आलेला एक घोडा राहत असे. अंगाने भरलेला, चालीला तेज, आणि बोलायला त्याहून तेज. उन्हाळा लागला तसा तो डोंगर चढायला निघाला. खिंडीपलीकडच्या वस्त्यांना मीठ पोचवायचं होतं. गोण्या घोड्याच्या पाठीवर, पुढे वाट दाखवायला एक म्हातारं खेचर, आणि मागून दोन लहान पिशव्या लादलेली एक शेळी.

पहिलं गाव दुपारीच आलं, तरी खेचराने मुक्काम टाकला. घोडा म्हणाला, "आजोबा, गुडघे गळाले का? मी अजून दोन गावं गाठीन." खेचर सावकाश म्हणालं, "पाय लवकर पोचतात रे, श्वास मागून येतो. तो आला की निघू. आणि एक ऐका. वर डोकं दुखायला लागलं तर लपवायचं नाही. एक गाव खाली उतरलं की बरं वाटतं." दुसऱ्या गावात शेळीने सांगून टाकलं, "माझं डोकं ठणकतंय, मी माघारी जाते." घोडा हसला. "जा बाई, चुलीपाशी बस जाऊन. तुझ्या पिशव्या मी घेतो. पाठीवर माशी बसली म्हणायची."

तिसरं गाव म्हणजे चार दगडी घरं. तिथे घोड्याच्या कपाळात कळा सुरू झाल्या. समोर हिरवा चारा होता, पण वासानेच त्याच्या पोटात ढवळलं. सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि शेळीला आपण काय बोललो ते आठवून मिटलं.

"चारा टाकलास?" खेचराने विचारलं.

"काल जास्त झाला."

"आणि डोकं?"

"त्याला काय धाड भरलीय?"

खेचराने खालच्या वाटेकडे मान वळवली. "इथून खाली जायला अर्धा दिवस लागतो. उद्या खिंडीत मी विचारून उपयोग नाही."

"नका विचारू," घोडा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चढावर त्याची पावलं वाकडी पडू लागली. छातीत पाणी भरल्यागत घरघर वाजू लागली. खिंड दिसली तिथेच तो गुडघ्यांवर बसला. "आजोबा, डोकं दुखतंय. कालपासून."

खेचर वाऱ्याच्या बाजूला आडवं उभं राहिलं. "वाटलं होतं मला. पण तू नाही म्हणालास, ते मी खरं धरलं. आता उतरायला पायांत बळ हवं, आणि ते तुझ्यात उरलं नाही." घोड्याचा श्वास थांबेपर्यंत खेचर तसंच उभं होतं, मग एकटंच उतरून गेलं. मिठाच्या गोण्या बर्फात राहिल्या. पलीकडच्या वस्त्यांनी ते वर्ष अळणी जेवून काढलं.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दुखण्याला जो हसतो, त्याला स्वतःचं दुखणं वेळेवर सांगता येत नाही.