तिखट्याचा रांजण

एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिचा कुत्रा गावाला चावत असे आणि त्यात कुत्र्याइतकाच तिचाही दोष होता. कारण तिने त्याला कधी बांधलेच नाही.

कुत्र्याचे नाव तिखट्या. कुंभारणीच्या हातून तो लेकरासारखा भाकरी खाई. परक्याची मात्र पोटरी धरी. कोणी तक्रार केली, तर ती ठसक्यात म्हणे, “त्याच्या वाटेला जावंच कशाला?”

नदीची सरळ वाट तिच्या दारावरूनच जात होती. लोकांनी ती सोडली आणि बाभळीच्या काट्यांतून दुसरी पाडली.

एके दिवशी म्हातारपणाने तिखट्या गेला. त्या गावात दुःखाच्या घरी चूल पेटत नसे. शेजारी पिठले-भाकरी नेऊन देत. कुंभारणीनेही चूल पेटवली नाही. ती दाराकडे डोळे लावून बसली. पण कोणीही फिरकले नाही. उलट नदीच्या बाजूने हसणे ऐकू आले, “कसलं सुतक! गावाला सण झाला!”

“एवढा वैरभाव?” ती संतापून दारात आली. समोरची वाट गुडघाभर गवताने भरली होती. कुत्रा नव्हता, तरी लोक काट्यांतूनच जात होते. ते गवत पाहताच तिचा संताप ओसरला.

ती तडक तेलिणीच्या घरी गेली. तेलिणीच्या पोटरीवर तिखट्याच्या दातांचा व्रण होता.

“काय गं, रडायला आलीस की भांडायला?” तेलिणीने विचारले.

“रडायलाच आले, आत्याबाई. पण आधी माफी मागते. त्याला बांधणं माझं काम होतं. तुम्हाला तो चावला, तेव्हा मी तुम्हालाच बोल लावला. आणि त्याच्यावाचून मला घर खायला उठतं, हेही लपवत नाही.”

तेलीण म्हणाली, “मेल्यानं माझी दोन लुगडी फाडली! पण खरं सांगू? त्याला शिव्या घातल्यावाचून माझाही दिवस उजाडत नव्हता. जेवलीस का?”

“नाही.”

“बस मग,” असे म्हणून तिने भाकरी वाढली.

त्या दिवशी कुंभारीण चावा बसलेल्या प्रत्येकाच्या दारी गेली. दोघांनी दार लावून घेतले. गुरवाने भरपूर ऐकवले. तिने मान खाली घालून सारे ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलीण डोक्यावर घागर घेऊन त्या गवतात शिरली आणि ओरडली, “या गं सगळ्या! काटे काय जन्मभर तुडवणार?” मागून बायका निघाल्या, गुरे निघाली आणि सर्वांत शेवटी कुरकुरत गुरवही निघाला. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. कुंभारीण दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती.

संध्याकाळी गाव पारावर जमले. ठरले ते असे: तिखट्या जिथे बसत असे, तिथे कुंभारणीने वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण आणि कुत्र्यांसाठी कुंडे ठेवावे; आणि गावातील प्रत्येक चावरा कुत्रा बांधलेला असावा. पहिला हात कुंभारणीने वर केला, दुसरा तेलिणीने. दार लावून घेणाऱ्या दोघांनीही होकार दिला. गुरव म्हणाला, “रांजणाला नाव मात्र तिखट्याचंच द्या, मी दोनदा चावून घेतलंय!” तेही एकमताने मान्य झाले.

तात्पर्य: गेलेल्याचे दोष आणि त्यांतील आपला वाटा जो मोकळेपणाने कबूल करतो, त्याच्या दुःखाला सोबत मिळते आणि त्याची मायाही उजळून निघते.